बाटलीचं बूचभाडं

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि मुंबईच्या बंदरात एका लांबलचक रांगेत उभे आहात. समोर जहाज आहे, पण ते जहाज वाटतच नाही. आपल्या चर्चच्या मनोऱ्याहून उंच अशी एक पांढरी इमारत कुणीतरी उचलून आणली आणि पाण्याला टेकवून ठेवली, असं वाटतं. तुमच्या पुढे तुमचा आजा उभा आहे. त्याच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं छातीशी धरलेलं. रांग सरकत सरकत सामान तपासणाऱ्या यंत्रापाशी पोचते आणि गणवेशातले साहेब विचारतात, "काका, टॉवेलात काय आहे?"

आता डोळे उघडा. ती नऊ वर्षांची मुलगी म्हणजे जोविटा, माझ्या थोरल्या भावाची, बस्त्यावची नात. आज ती कॉलेजात जाते. त्या दिवशी मी तिच्या मागेच उभी होते, कारण दादाने मला बजावून बरोबर घेतलं होतं. तो म्हणाला होता, "सिल्वी, आपल्या भावंडांतली तू एकटीच उरली आहेस. तू हवीस."

दादाने टॉवेल सोडला. आतून गडद हिरव्या काचेची एक जुनी बाटली निघाली. तिच्यावर चिठ्ठी नाही, नाव नाही, फक्त तोंडावर मेणबत्तीच्या मेणाचा जाड थर. साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली आणि घरची दारू जहाजावर चालत नाही असं सांगितलं. तेवढ्यात दादाचा मुलगा, जोविटाचा बाप रोमान पुढे झाला. त्याने कंपनीच्या ऑफिसात आधीच बोलून ठेवलं होतं. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, ही बाटली त्याच वर्षीची, तिचं सील शाबूत आहे, वगैरे वगैरे. साहेबांनी कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ मान हलवली आणि अटी सांगितल्या. बाटली खोलीत न्यायची नाही. ती जहाजाच्या ताब्यात राहील, जेवणाच्या हॉलमध्ये टेबलावर येईल, तिथे जहाजाचाच माणूस ती उघडेल आणि त्याबद्दल कॉर्केज म्हणून वेगळे पैसे भरावे लागतील.

"बाटली तुमचाच माणूस उघडणार ना?" दादाने विचारलं. "आमच्यापैकी कुणी नाही?"

"आमचाच माणूस."

"आणि तो कामावर असताना पीत नाही ना?"

साहेबांना हा टोमणा वाटला असावा. ते जरा ताठले. "एक थेंबही नाही, काका. नोकरी जाते."

"उत्तम," दादा म्हणाला आणि त्याने खुशीत पाकीट काढलं.

रोमानने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तुम्हाला दादा माहीत नाही म्हणून सांगते. पार्सलाला बांधून आलेली सुतळी सोडवून, तिचा गुंडा करून ठेवणारा हा माणूस. लग्नाच्या आमंत्रणाचं पाकीट उलटं करून पुन्हा वापरणारा. तो स्वतःच्याच घरची वाइन पिण्यासाठी दुसऱ्याला पैसे मोजत होता आणि वर हसत होता.

"टीचर आजी," जोविटाने माझा पदर ओढला, "वाइन आपली, ग्लासात ओतून पिणार आपण, मग पैसे कसले?"

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. कुणी 'का' विचारलं की माझा पाय तिथून हलत नाही. रांग अडवून मी तिला सांगितलं, की समज, आपण हॉटेलात घरचा डबा घेऊन गेलो. बसलो त्यांच्या खुर्चीत, जेवलो त्यांच्या ताटात, भांडी घासणार त्यांचा माणूस. मग हॉटेलवाला काही म्हणणारच ना? तसं हे. बूच त्यांच्या माणसाने काढायचं, ग्लास त्यांचे.

तिने विचार केला. "म्हणजे बुचाचं भाडं."

"तसंच."

"बूचभाडं," ती म्हणाली, आणि जहाज सुटेपर्यंत आम्ही सगळेच तो शब्द वापरायला लागलो होतो.

आता ही बाटली एवढी मोलाची का, ते सांगायला हवं.

आमच्या वसईकडे घरोघरी वाइन करतात. कुणी द्राक्षांची, कुणी मनुकांची, आमच्या घरात जांभळांची. आणि आमच्या घरात एक रीत आहे, आजोबांच्या काळापासूनची. बाटलीचं बूच जो काढेल, त्याने पहिला घोट घ्यायचा आणि बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "गोड." मग बाकीच्यांनी प्यायचं. बूच काढणारा 'गोड' म्हणाला नाही तर दुसऱ्या कुणी ग्लासाला हात लावायचा नाही. बूच परत बसवायचं, विषय संपला. तुम्ही हसाल, पण मोठमोठी माणसं ही रीत पाळताना मी पाहिली आहेत.

दादाचं लग्न झालं मे महिन्यात, आणि मागोमाग जांभळं आली. नवी वहिनी, मर्सलीन, मुंबईची, गिरगावातली. तिच्या माहेरी वाइन नाताळात एकदा विकत आणत. पण सासरी आल्या आल्या तिने हट्टाने बरणी मागून घेतली आणि एकटीने जांभळं घातली. पहिलाच प्रयत्न, म्हणून जेमतेम एका बाटलीएवढी. मी तेव्हा शाळेत होते. आळीतल्या बायका रोज डोकावून विचारायच्या, काय गं, नव्या नवरीच्या हातची वाइन कधी चाखवतेस? आणि एका संध्याकाळी माझ्या आईने काय केलं, तर ती वाइन बाटलीत भरली, बूच ठोकलं, वरून मेण ओतलं आणि ओटीवर येऊन सगळ्यांना सांगून टाकलं, "सूनबाईची पहिली वाइन आपण पन्नास वर्षांनी उघडू." बायका हिरमुसल्या. मला मात्र ते फार भारी वाटलं होतं.

पुढे मर्सलीन वहिनी अशी वाइन करायला शिकली, की गावातलं बारसं असो की लग्न, मोठी बरणी तिच्याकडूनच जायची. शेजारचा पावलू तर पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचा, "हिच्या हातचं कधी आंबट झालं नाही. पहिल्या दिवसापासून."

साहजिकच पन्नासावं वर्ष लागल्यापासून सगळी आळी त्या बाटलीची वाट पाहत होती. दादाने मे महिन्यात जाहीर केलं, मांडव नाही, जेवणावळ नाही, घरचे सहाजण गोव्याच्या जहाजावर जाणार आणि बाटली तिथेच उघडणार. पावलू मनापासून दुखावला. कोपऱ्यावर उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, की बस्त्याव समुद्राच्या मधोमध जाऊन बूच काढतोय, आपल्याला वाससुद्धा यायला नको म्हणून.

जहाजावर दुपार मजेत गेली. रोमान आणि त्याची बायको लिनेट वरच्या डेकवर फोटो काढत होती, दादा प्रत्येक जिना किती उंच आहे ते काठीने तपासत होता. संध्याकाळी जेवणासाठी वहिनीला बोलवायला मी तिच्या खोलीत गेले, तर ती सोनेरी काठाची साडी नेसून पलंगाच्या कडेला बसली होती. केसात फूल, गळ्यात पोवळ्यांची माळ, आणि चेहरा मात्र परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा.

"सिल्वी, तू जा. माझं पोट बरं नाही म्हणून सांग."

मी तिच्या शेजारी बसले. काही विचारलं नाही. मुलांशी वागून मला एक कळलंय, गप्प बसलं की समोरचा बोलतो.

"ती आंबट आहे," ती म्हणाली.

"काय?"

"वाइन. मी बरणीतून बोट बुडवून चाखली होती. जिभेला चिमटाच बसला. फडकं नीट बांधलं नव्हतं गं मी, हवा गेली. पार शिरका झाला होता. लोणच्यात घालतो तो व्हिनेगर. सांगणार होते सासूबाईंना, पण ओटीवर बायका बसलेल्या. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी बाटली भरून, मेण ओतून, पन्नास वर्षांचं जाहीरही केलेलं. न चाखता. एवढा विश्वास टाकला त्यांनी माझ्यावर, आणि मी तोंड उघडलं नाही. पन्नास वर्षं ती बाटली कपाटातून माझ्याकडे बघतेय. आता कुणीतरी घोट घेणार, तोंड वाकडं करणार, आणि रविवारी चर्चच्या दारात सगळ्या आळीला कळणार, की मर्सलीनची पहिलीच आंबट होती."

मी म्हटलं, "अगं, इथे आळी कुठे आहे? आपण घरचे."

"घरच्यांच्या तोंडाला कुलूप असतं होय?"

तेवढ्यात खिडकीच्या पडद्यामागे काहीतरी हललं. जोविटा तिथे बसून लाटा बघत होती, आणि आम्ही दोघी तिला साफ विसरलो होतो. ती खाली उतरली. आजीची चप्पल शोधून तिच्या पायापाशी सरळ करून ठेवली. मग वहिनीला उठावंच लागलं.

आमचं टेबल खिडकीपाशी होतं. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. टेबलावर पाव, लोणी आणि एका ताटलीत कांदा-काकडीच्या चकत्या मांडलेल्या. आमच्या टेबलाचा वाढपी देवगडकडचा होता, तारी नावाचा, तिशीतला, हसतमुख. त्याने ती हिरवी बाटली चांदीच्या तबकात ठेवून अशी आणली, जणू बिशपच येत आहेत.

तारीने चाकूने मेण खरवडलं. बूच मात्र हटून बसलं होतं. त्याने जोविटाला सांगितलं, बाय, जरा खाली घट्ट धर. तिने दोन्ही हातांनी बाटली धरली, त्याने ओढलं, आणि बूच अर्धं तुटून बाहेर आलं. बाकीचं त्याने सावकाश उकरून काढलं. आवाज झाला नाही, वास मात्र आला. लोणच्याची बरणी उघडावी तसा तो टेबलभर पसरला. लिनेटने नाकाकडे नेलेला हात मधेच थांबवला. वहिनीने मान खाली घातली.

दादा एकटाच निवांत होता. त्याने ग्लासात दोन बोटं वाइन ओतायला लावली आणि तारीला म्हटलं, "आता तू पी, बाबा. आमच्या घरची रीत आहे. ज्याने बूच काढलं त्याने पहिला घोट घ्यायचा."

तारी ओशाळला. कामावर आहे, चालत नाही, माफ करा, असं अजिजीने सांगू लागला.

"अरेरे," दादा म्हणाला. नाटकात काम करायला त्याला कुणी घेतलं नसतं. "मग काय करणार? तू पिणार नाहीस, तर आम्हालाही पिता येणार नाही. रीत म्हणजे रीत. लाव बूच परत."

रोमानला राहवलं नाही. "पप्पा, बूच काढायचे पैसे भरले आणि आता ते परत लावायचं?"

"हो. पैसे वसूल झाले माझे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बंदरावर विचारलेले ते दोन प्रश्न. उघडणार तुमचाच माणूस ना? आणि तो पीत नाही ना? दादाने हे सगळं जहाज कशासाठी निवडलं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या वहिनीलाही.

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

दादा पावाला लोणी लावायला लागला.

"कधीपासून?"

"आईने बाटलीला मेण लावलं त्या दिवसापासून," तो म्हणाला. "आईने चाखली होती. मला परसात बोलावून म्हणाली, पोरीचा शिरका झालाय, बायका रोज विचारतायत, आज बाटली मागतील. पन्नास वर्षं तरी कुणी मागणार नाही असं करते. पन्नासाव्या वर्षी मी नसेन, तेव्हाचं तू बघून घे." त्याने सुरी खाली ठेवली. "तर मी बघून घेतलं."

आम्हाला वाटलं, वहिनी रडेल. ती भडकली. "पन्नास वर्षं मी त्या कपाटाकडे पाठ करून झोपले. एका शब्दाने सांगता आलं नाही तुम्हाला?"

"तू सांगितलं नाहीस. मला वाटलं, तुला सांगायचं नाही."

"आणि मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही."

मग वहिनीच्या पोटातून हसू निघालं, आधी बारीक आणि मग आवरेना. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, की बूचभाडं भरून भरून माणसाने भरावं कशासाठी, तर बायकोच्या शिरक्याला बूच लावण्यासाठी. दादाही हसायला लागला. तारी बिचारा बाटली हातात धरून उभाच होता. बूच लावू की नको, ते त्याला कुणी सांगत नव्हतं. शिवाय बुचाचे तर तुकडे झाले होते.

"ओतून द्या समुद्रात," वहिनी म्हणाली. "सुटू दे एकदा."

"समुद्रात काय टाकूक देत नाहीत, आजी," तारी म्हणाला.

आणि मग जोविटा खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. तिने ग्लास उचलला आणि कांदा-काकडीच्या ताटलीवर सावकाश धार धरली. चकत्या कडेकडेने जांभळ्या होत गेल्या. तिने वरून मीठ भुरभुरवलं, एक कांद्याची चकती काट्याला टोचली आणि तारीपुढे धरली.

"कामावर वाइन चालत नाही," ती म्हणाली. "कांदा चालतो का?"

तारीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्याचा मॅनेजर लांबच्या टेबलावर वाकून काहीतरी बोलत होता. तारीने चकती झटकन तोंडात टाकली. त्याचा एक डोळा मिटला, खांदे वर गेले, मग हळूहळू चेहरा सैल होत गेला. त्याने गिळलं. आमच्याकडे पाहिलं. आणि आम्हा सहाही जणांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गोड."

रीत पुरी झाली. ताटली फिरली. वहिनीने सगळ्यांत शेवटी घेतली. एक चकती खाल्ली, विचार केला, दुसरी घेतली. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. त्यानंतर तिने दोनदा भात मागून घेतला, आणि पोट बरं नसल्याचं पुन्हा काढलं नाही.

बाटलीत अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. तारीने तिला कुठलं तरी नवं बूच शोधून बसवलं, आणि परतीच्या दिवशी उतरताना ती टॉवेलात गुंडाळून जोविटाच्या हातात दिली.

बंदराबाहेर पावलू टेम्पो घेऊन आम्हाला न्यायला आला होता. रुसला होता तरी आला होता, पावलू तसाच आहे. सामान चढवता चढवता त्याने विचारलंच, "काय बस्त्याव, सगळी समुद्राला पाजलीस, की आमच्यासाठी निदान वास तरी आणलास?"

दादा लगेच म्हणाला, "संपली रे. एक थेंब नाही उरला."

जोविटाने टॉवेल छातीशी धरला होता. तिने वर आजीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि वाट बघत उभी राहिली. वहिनीने तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे, मग पावलूकडे. केसातली पिन काढून पुन्हा खोचली. आणि मान हलवली, होकाराची.

जोविटाने टॉवेल सोडला, बूच काढलं आणि बाटली पावलूच्या नाकाखाली धरली. पावलूच्या मिशा थरथरल्या. तो एक पाऊल मागे सरला.

"ही आजीची पहिली वाइन," जोविटा म्हणाली. "गोड आहे."

मग तिने बूच नीट बसवलं, टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढली, बाटली तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेतली आणि खिडकीतून पावलूला म्हणाली, "चला आजोबा, लवकर. आख्ख्या आळीला पुरतील एवढे कांदे कापायचेत."